त्या नाम्गीखाली

नऊशे वर्षांपूर्वी एक चिनी अधिकारी आमच्या देशात आला आणि इथले लोक कशाला काय म्हणतात ते आपल्या अक्षरांत टिपून घेऊन गेला. झाडाला हे लोक 'नाम्गी' म्हणतात, असं त्यानं लिहिलं. पुढे साडेतीनशे वर्षांनी आमची स्वतःची अक्षरं आली, आमच्या भाषेतली पुस्तकं निघाली, आणि त्यांत हाच शब्द दोन कपड्यांत दिसतो. एकटा असला की 'नामो', मागे काही चिकटलं की पुन्हा 'नाम्ग'. मग तो 'ग' कुठेतरी गळाला. आज शाळेतल्या पोरांपासून टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईपर्यंत सगळे 'नामू' म्हणतात, आणि कुणाचं काही अडत नाही.

माझं मात्र अडलं होतं. मी मोक इन्सन. माझी नोकरी, माझी पदवी, माझ्या दारावरची नावाची पाटी, सगळं त्या गळालेल्या 'ग'वर उभं आहे. लोक अभिनंदन करतात तेव्हा मी हसते. आता हसताना तोंड कडू होतं, ते का ते सांगते.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि शब्दकोशाच्या कचेरीत बोलीभाषांच्या विभागात लागले होते. साल पंच्याऐंशी. खांद्याला जड टेपरेकॉर्डर, पिशवीत प्रश्नांची वही, आणि डोक्यात हवा. आमच्या कामाचे दोन नियम. पहिला म्हणजे शब्द आपण उच्चारायचा नाही, समोरच्याकडून काढून घ्यायचा. आपण 'झाड' म्हटलं की तोही सभ्यपणे 'झाड' म्हणतो आणि झालं, दिवस वाया. दुसरा नियम कॅसेटींचा. चार गावांना मिळून दोन कॅसेटी मिळायच्या. त्यामुळे कचेरीत परतलं की कामाचा तेवढा तुकडा मोठ्या टेपवर उतरवायचा आणि कॅसेट पुढच्या गावासाठी मोकळी करायची. 'मोकळी करणे' हा आमच्या साहेबांचा शब्द. मीही तोच वापरायचे, अगदी सहज.

पूर्व किनाऱ्यावरच्या सोक्चोला मी गेले ती उत्तरेकडच्या माणसांसाठी. उत्तर-दक्षिण लढाईच्या हिवाळ्यात हाम्ग्यंगच्या किनाऱ्यावरून होड्यांतून पळून आलेले कोळी तिथे खाडीपलीकडे वाळूवर झोपड्या घालून राहिले होते. दोन-चार महिन्यांत परत जाऊ म्हणून पक्की घरं कुणी बांधलीच नाहीत, आणि सरहद्द बंद झाली ती उघडलीच नाही. पस्तीस वर्षं झाली तरी म्हातारे आपल्याच बोलीत भांडत होते. त्यांच्याकडे म्हाताऱ्या माणसाला 'आबाई' म्हणतात, म्हणून वस्तीचं नावही आबाई वस्ती. खाडी ओलांडायला सपाट तराफा. त्यात चढणाऱ्यानं हातात आकडा घ्यायचा आणि खाडीवर ताणलेल्या तारेला अडकवून सगळ्यांबरोबर ओढायचं. मी नुसतीच उभी राहिले तर एक बाई म्हणाली, "काय गं, तुझं वजन आम्ही ओढायचं होय?"

तीच पिल्न्यो काकू. तेव्हा असेल पस्तिशीची. भात भरून उकडलेले माखूल मासे विकायची, आणि तिच्या मागच्या खोलीत हाम दुक्सू नावाचे आबाई भाड्यानं राहायचे. बासष्ट वर्षांचे, हाडकुळे, जाळी दुरुस्त करणारे. आलेल्या म्हाताऱ्यांत त्यांची बोली सगळ्यात घट्ट, असं सगळ्यांनी सांगितलं. पण माझ्यासमोर बसले की ही बोली कुठे पळून जायची कोण जाणे.

"आबाई, डोंगरावर उभं असतं, पानं असतात, त्याला काय म्हणता?"

"पाइन."

"पाइन नाही. सगळ्यांना मिळून?"

"जंगल."

"जंगल नाही हो. एकेकट्याला?"

"एकेकट्याला पाइन. मी मघाशीच सांगितलं." मग डोळे बारीक करून म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्हाला 'नामू' म्हणायचंय का? मग म्हणा की. लाजता कशाला?"

पिल्न्यो काकू चुलीपाशी हसून हसून बेजार. मी मात्र चिडले. तीन दिवस मी त्या माणसाच्या हात धुऊन मागे लागले होते. चित्रं दाखवली, सरपणावरून विचारलं, होडीच्या लाकडावरून विचारलं. प्रत्येक वेळी ते शहाण्या विद्यार्थ्यासारखं राजधानीचं बोलायचे. शिकलेली बाई समोर बसलीय तर नीट बोलायला नको का, असं त्यांचं म्हणणं.

चौथ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "बाई, एक सौदा करू. मी घरच्या माणसाशी बोललो की आपोआप घरचं बोलतो. माझी पोर तिकडं राहिलीय. ओक्सिल. चार वर्षांची होती. तिच्याशी मी या मशीनमधून बोलतो. तुम्हाला लागंल त्यो शब्द घ्या, बाकीचं तिच्यासाठी ठेवा. जमंल?"

"जमेल की," मी म्हटलं.

"राहील ना ह्ये? पोर आली की तिला ऐकाया मिळंल?"

"राहील आबाई. सरकारी कपाटात राहील, कुलपात."

कसं सहज बोलले मी. जीभ का नाही झडली! खोटं बोलतेय असंही तेव्हा वाटलं नाही. म्हाताऱ्याला खूश केलं की शब्द मिळेल, एवढंच डोक्यात होतं.

त्यांनी पिल्न्यो काकूला खोलीबाहेर घालवलं. "तुझं इथं काय काम? माझ्या लेकीशी बोलतोय मी." दार ओढून घेतलं. तोंड धुतलं, पाण्यानं केस बसवले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि मशीनसमोर मांडी घातली. मी कळ दाबली. दोनदा खोकले. मग म्हणाले, "ओक्सिल, ऐक गं पोरी. त्या दिशी मी त्या नाम्गीखाली..."

नाम्गी! माझ्या अंगावर काटा आला. नऊशे वर्षांपूर्वी त्या चिनी माणसानं कानानं ऐकला तोच शब्द, तोच 'ग', माझ्यासमोर जिवंत माणसाच्या तोंडात! आनंदानं मला रडू यायचं बाकी होतं. मी लगेच कार्ड काढलं आणि लिहायला लागले. उच्चाराच्या खुणा, स्वराची लांबी, आवाजाचा चढ, बोलणाऱ्याचं गाव, वय. मग दुसरं कार्ड. साहेबांना काय सांगायचं, लेख कसा सुरू करायचा, हेही मनात चाललं होतं. ते बोलत होते. कॅसेटची एक बाजू संपली तेव्हा कळ खट्‌कन वर आली, आणि मी वर पाहिलं तर ते सदऱ्याचं बटण काढत होते.

"झालं," ते म्हणाले. "सगळं बोललो."

मी त्यांना वाकून नमस्कार केला, आभार मानले आणि दुपारची बस पकडली. कचेरीत कॅसेट लावली, शब्द आला तिथपर्यंत ऐकली, तुकडा मोठ्या टेपवर उतरवला. अकरा सेकंद. पुढचं ऐकलंसुद्धा नाही, कारण दुसरी कार्डं खोळंबली होती. पुढच्या आठवड्यात डोंगराकडच्या एका गावात एक आजी मुळ्याच्या लोणच्याच्या किती जाती असतात ते तासभर सांगत होती, ते मी त्याच कॅसेटवर घेतलं. हाम आबाईंचं ते सगळं बोलणं जगात जेमतेम अकरा दिवस होतं.

लेख गाजला. मला बढती मिळाली, पुढे विद्यापीठात जागा मिळाली. वर्गात मी तो तुकडा लावायचे. मुलं हसायची, कारण वाक्य मध्येच तुटायचं. मीही हसायचे. सोक्चोला मी पुन्हा गेले नाही. जायचं राहून गेलं, असं म्हणता येईल. खरं म्हणजे माझं तिथलं काम झालं होतं.

चोवीस वर्षांनी, दोन हजार नऊच्या वसंतात, पिल्न्यो काकूचा फोन आला. तिनं माझा नंबर कुठून काढला देव जाणे.

"मास्तरीणबाई, ओळखलंत का? तराफ्यावर फुकट बसणाऱ्या!"

"ओळखलं काकू."

"हाम आबाईंची पोर आलीय. ओक्सिल. चीनमधून फिरत फिरत दोन वर्षांपूर्वी इकडे पोचली म्हणे. आता वस्तीत शोधत आलीय. आबाई जाऊन तेरा वर्षं झाली, ते सांगितलं तर बसूनच राहिली. पण मशीनचं सांगितल्यावर उठून उभीच राहिली. तुमच्याकडे आहे ना ते?"

"काय काय सांगितलंत तिला?"

"जे आबाई सांगायचे तेच. मरेपर्यंत सांगायचे. मध्ये चीनमार्गे तिकडे चिठ्ठ्या पाठवता यायला लागल्या ना, सगळी वस्ती लिहायला बसली. मी म्हटलं, आबाई, तुम्हाला लिहिता येत नाही तर मी लिहिते, बोला. तर म्हणाले, नको, मी सगळं बाईंच्या मशीनला सांगून ठेवलंय. पोर आली की ऐकंल. परत परत बोललं की त्यातला जीव जातो म्हणे. हट्टी मेला! एक ओळ पाठवली नाही. आणि मला काय, शब्दसुद्धा माहीत नाही, मला तर दाराबाहेर हाकललं होतं."

म्हणजे माझ्या भरवशावर त्यांनी चिठ्ठीसुद्धा लिहवून घेतली नाही. हे मला त्या दिवशी कळलं. मी फोनवर म्हटलं, "येते." खरं बोलायला तिथेच काय झालं होतं? पण नाही. सोक्चोपर्यंतच्या बसमध्ये वाक्यं जुळवत बसले, आणि एकही धड जुळलं नाही.

ओक्सिल काकूच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. त्रेसष्ट वर्षांची, उन्हानं काळवंडलेली, हात पुरुषासारखे राकट. समोर पिल्न्यो काकूनं जेवण मांडलं होतं, त्याला हात लावलेला नव्हता. मी बसले तशी ती सरळ बोलायला लागली. उत्तरेकडची माणसं बोलण्याला पाणी घालत नाहीत.

"बाई, बाप गेला असेल हे मला ठाऊकच होतं. आवाज ऐकून रडायला म्हणून मी आले नाही. मला एकच गोष्ट कळायला हवी. त्या दिवशी आई मला पाठीवर बांधून धक्क्यावर उभी होती. होड्या सुटल्या. तो आला नाही. दुसऱ्या होडीतून गेला, असं नंतर कळलं. आई मरेपर्यंत म्हणायची, त्यानं आपल्याला टाकलं. घरात त्याचं नाव घेऊ द्यायची नाही. मीसुद्धा साठ वर्षं तेच धरून बसले. तो आम्हाला घ्यायला आला होता का? हो की नाही, एवढंच."

मी कॉम्प्युटर उघडला. पिल्न्यो काकूनं तो ओक्सिलकडे वळवून धरला.

खोकला. पुन्हा खोकला. "ओक्सिल, ऐक गं पोरी. त्या दिशी मी त्या नाम्गीखाली..."

ओक्सिलनं टेबलाची कड घट्ट धरली होती. "आमच्याकडच्या म्हाताऱ्या अस्संच म्हणायच्या," ती हळूच म्हणाली. "नाम्गी." आणि मान पुढे करून थांबली. मग माझ्याकडे बघितलं.

"पुढं?"

"एवढंच आहे."

"एवढंच कसं?" पिल्न्यो काकू खेकसली. "एक अख्खी बाजू बोलले होते ते! मी दारात दोनदा जवाचं पाणी ठेवून आले."

"कॅसेट खराब झाली," मी म्हणाले. "ओल लागली. पण..." आणि इथे माझ्या तोंडून जे निघालं त्याला माफी नाही. "पण मी तिथेच बसले होते ना. मला आठवतंय."

ओक्सिलचा चेहरा असा काही उजळला की मला थांबताच येईना. आणि मला त्यांच्यासारखं बोलता येतं, हाच तर माझा धंदा! ती ओढ, तो चढ, वाक्याच्या शेवटी जरा दम टाकणं, जगात आता ते मलाच येत होतं. मी त्यांच्याच बोलीत म्हणाले, "त्या दिशी मी त्या नाम्गीखाली उभा व्हतो, पोरी. तुला नि तुझ्या आईला घ्याया आलो व्हतो. तीन दिस वाट बघितली. तुम्ही काय दिसला नाही. मग लोकांनी मला ओढून होडीत घातलं."

पिल्न्यो काकू ॲप्रन डोळ्यांना लावून रडायला लागली. ओक्सिलनं माझा हात हातात घेतला. दाबला. मग तिची पकड सैल झाली.

"तीन दिवस?"

"हो."

"तीन दिवस म्हणाला तो?"

"म्हणाले."

"होड्या त्याच सकाळी गेल्या, बाई. सगळ्या. दुपारी सैनिकांनी धक्काच उडवला. संध्याकाळी तिथं उभं राहायला जागा नव्हती, तिथं तीन दिवस कोण उभं राहील?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही अगदी त्याच्यासारखं बोललात. आत्ता मशीनमध्ये ऐकला तस्साच. पण हे त्याचं नाही. हे तुमचं आहे."

मी मान खाली घातली.

"खरं सांगा. मी एवढ्या लांबून आलेय."

मग मी सांगितलं. सगळं. सौदा सांगितला, कपाट आणि कुलूप सांगितलं. ओल लागली नव्हती, मीच त्यावर लोणच्याची बडबड भरली, हे सांगितलं. शब्द मिळाल्यावर पुढचं कधी ऐकलंच नाही, हेही. पिल्न्यो काकू मध्येच म्हणाली, "अगं बाई, लाज कशी नाही वाटली? आणि तो बिचारा मरेपर्यंत तुमच्या नावानं निश्चिंत होता." तिचं काही चुकलं नव्हतं.

ओक्सिलनं मात्र शिवी दिली नाही. ती विचार करत होती. मला वाटलं, आता उठून जाईल. पण तिनं खुर्ची पुढे ओढली, आणि एखाद्या अडाणी पोरीला समजावावं तशी सावकाश बोलायला लागली.

"बरं. टेप नाही. जाऊ दे. शब्द आठवत नाहीत, तेही जाऊ दे. पण तुम्ही समोर बसला होतात. हातभर अंतरावर. माणूस आपल्या टाकलेल्या पोरीशी बोलतो तेव्हा वेगळा दिसतो, आणि घ्यायला गेलो पण सापडली नाही अशा पोरीशी बोलतो तेव्हा वेगळा. मी बघितलं असतं तर मला तोंडावरून कळलं असतं. तुम्ही नुसतं सांगा, तो कसा दिसत होता? रडत होता? खाली बघत होता, की मशीनकडे? एवढं सांगितलंत तरी माझं मी ओळखेन."

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. डोळे मिटले. ती खोली आठवली, जाळ्यांचा वास आठवला, पाण्यानं बसवलेले केस आठवले, बटण आठवलं. कार्डं तर दोन्ही आठवली. पहिल्यावर स्वराची लांबी मी चुकीची लिहिली होती आणि खोडून पुन्हा लिहिली होती, ते खोडलेलंसुद्धा लख्ख आठवलं.

"नाही सांगता येत," मी म्हणाले. "मी वर पाहिलंच नाही. मी लिहीत होते."

तिनं मान हलवली, एकदाच. मग समोरचं थंड झालेलं ताट जवळ ओढलं आणि जेवायला लागली. पूर्ण जेवली, काही टाकलं नाही. मी तिथेच बसून होते. तिनं माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.